तीन तारा, तीन स्क्रू आणि खुब्याचं हाड

खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णाचे नातेवाईक पहिल्यांदा विचारतात ते टाक्यांबद्दल. "डॉक्टर, टाके किती पडतील?" दोन किंवा तीन म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. दीड-दोन सेंटिमीटरचा छेद, नावापुरता रक्तस्राव, त्यातून आत गेलेले तीन स्क्रू, आणि सगळं सुरळीत असेल तर दोन-चार दिवसांत घर. यातलं काहीच खोटं नाही. पण त्या छेदातून आत काय चालतं हे घरच्यांनी पाहिलेलं नसतं, आणि छेद लहान म्हणजे आजारही लहान असा समज करून ते घरी जातात. तालुक्याच्या गावात हाडांची ऑपरेशनं करताना हा समज मला रोज भेटतो. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, म्हणून हे लिहितो आहे.

१. स्क्रू हाड धरून ठेवतो, जागेवर आणत नाही

मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गोल डोकं, त्याखाली तिरकी मान आणि मग लांब दांडा. मान मोडून सरकली की पाय आखूड होतो आणि पंजा बाहेरच्या बाजूला पडतो. पाठीतून भूल दिल्यावर रुग्णाला ट्रॅक्शन टेबलवर घेतात, पाऊल पट्ट्यांनी बांधतात, पाय ओढून हळूहळू आत वळवतात. सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर डोकं आणि मान नीट एका रेषेत येईपर्यंत हे चालतं. समोरून बघायचं, मग बाजूने बघायचं. समोरून सुरेख बसलेलं हाड बाजूने पाहिल्यावर मागे कललेलं निघतं, हे माझ्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे.

या टप्प्याला लागेल तेवढा वेळ द्यावा. एक-दोन हलक्या प्रयत्नांत हाड बसलं नाही तर पुन्हा पुन्हा जोर लावू नये, कारण त्या ओढाताणीत उरलासुरला रक्तपुरवठाही जातो. तरुण रुग्ण असेल तर सरळ छेद वाढवून, सांधा उघडून, डोळ्यांनी बघून हाड बसवावं. घरच्यांना दोन टाके सांगितले होते म्हणून संकोच करायचं कारण नाही. वाकड्या बसलेल्या हाडात कितीही सुबक स्क्रू घातले तरी ते काही आठवड्यांत सैल होऊन मागे सरकतात, नाहीतर डोक्यातून आरपार सांध्यात घुसतात. शिकाऊ डॉक्टरांना माझं सांगणं एवढंच असतं की पडद्याकडे बघून मनात शंका असेल तोवर सिस्टरकडे तार मागायची नाही.

२. पहिली तार बरोबर गेली की निम्मं ऑपरेशन झालं

ओटीत या स्क्रूला सगळे 'सीसी स्क्रू' म्हणतात. हा स्क्रू मधून पोकळ असतो. आधी सुमारे अडीच-तीन मिलिमीटर जाडीची तार हाडात घालायची, पडद्यावर तिची जागा पारखायची, आणि मग त्या तारेवरून स्क्रू आत पाठवायचा. तार चुकली तर काढून पुन्हा घालता येते. स्क्रू घातल्यावर तशी मुभा राहत नाही, कारण जाडजूड भोक पडलेलं असतं.

तीन तारा उलट्या त्रिकोणात घालतात, एक खाली आणि दोन वर. खालची तार पहिली. ती मानेच्या खालच्या कडेच्या घट्ट हाडाला लगटून गेली पाहिजे, कारण शरीराचा भार तिथेच उतरतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, छेदातून, तारेचं टोक हाडावर टेकवलं की आधी ते घसरतं. हाडाचा पृष्ठभाग गोल आणि टणक असतो. सहाय्यकाने पाय स्थिर धरलेला, ड्रिल हळू फिरवायचं, टोक रुतलं की मगच हात वर-खाली करून कोन धरायचा. बाहेरचं टणक कवच ओलांडलं की ड्रिलचा आवाज बदलतो, हाताला एकदम मऊपणा लागतो. मोडलेल्या जागेवरून जाताना पुन्हा किंचित हिसका बसतो. डोक्याच्या वरच्या कवचाजवळ तार परत अडते. तिथे थांबायचं. सांध्यापासून साधारण पाच मिलिमीटर अलीकडे स्क्रूचं टोक राहिलं पाहिजे. हा हाताचा हिशेब पुस्तकातून येत नाही. ज्येष्ठांच्या शेजारी उभं राहून, त्यांनी ड्रिल आपल्या हातात दिल्यावरच तो येतो.

तारेची शिरण्याची जागाही नेमकी लागते. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला लहान उंचवटा असतो. त्याच्या पातळीखालून तार घातली तर तिथल्या भोकाशी ताण साठतो आणि पुढे त्याच जागी मांडीचं हाड मोडू शकतं. मानेचं हाड जुळून आलं आणि त्याच्या खाली नवा अस्थिभंग झाला, असे रुग्ण बघावे लागतात. म्हणून बाहेरच्या कवचाला चाळणीसारखी भोकं पाडत बसणं धोक्याचं. पहिली तार बसली की तिच्या आधाराने, तिला समांतर, उरलेल्या दोन घालायच्या. समांतर का, तर हाड जुळताना दोन तुकडे एकमेकांच्या जवळ सरकायला हवेत. स्क्रू तिरपे, एकमेकांत अडकलेले असले की तुकडे सरकत नाहीत आणि मधली भेग तशीच राहते.

ड्रिल करताना पातळ तार ड्रिलबरोबर नकळत पुढे जाते आणि सांधा ओलांडून ओटीपोटात शिरू शकते. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. ड्रिल आत जात असताना मध्ये मध्ये पडद्यावर बघणं टाळू नये, मग ऑपरेशन कितीही नेहमीचं असो.

३. आटे भेगेच्या पलीकडेच हवेत

या स्क्रूला पूर्ण लांबीभर आटे नसतात. टोकाकडे १६ किंवा ३२ मिलिमीटरच आटे असतात, बाकी दांडी गुळगुळीत. आटे पलीकडच्या तुकड्यात रुततात, स्क्रूचं डोकं अलीकडच्या कवचावर टेकतं, आणि फिरवत गेलं की दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. पण आट्यांचा एक जरी वेढा भेगेवर राहिला तर तो दोन्ही बाजूंना धरतो आणि तुकडे एकमेकांपासून तेवढेच लांब राहतात. दाब शून्य. म्हणून डोक्याकडचा तुकडा लहान असेल तर १६चा स्क्रू, मोठा असेल तर ३२चा. म्हाताऱ्या माणसाचं बाहेरचं कवच पातळ असतं, स्क्रूचं डोकं त्यात बुडतं. तिथे वॉशर घालायला विसरू नये.

४. पडदा सावली दाखवतो, हाड नाही

१९२५मध्ये बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या मोडलेल्या मानेत तीन पाकळ्यांचा खिळा घालायला सुरुवात केली. त्या वेळी सांधा उघडून तो ठोकायचा. १९३२मध्ये स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी तोच खिळा मधून पोकळ केला, आधी तार घातली, एक्स-रेवर तिची जागा बघितली आणि सांधा न उघडता तारेवरून खिळा आत नेला. आज आपण लहान छेदाचं ऑपरेशन म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. तेव्हा प्रत्येक एक्स-रेची फिल्म धुऊन येईपर्यंत ताटकळावं लागे, आता सी-आर्म ते क्षणात दाखवतो.

त्या वेगामुळेच भान सुटण्याचा धोका असतो. डोकं गोल आहे आणि पडद्यावरचं चित्र सपाट. कडेला असलेला स्क्रू समोरून आणि बाजूने अशा दोन्ही चित्रांत हाडाच्या आत दिसतो, तरी प्रत्यक्षात त्याचं टोक सांध्यात उघडं पडलेलं असू शकतं. तीच गोष्ट मानेच्या मागच्या-वरच्या बाजूची. तिथलं हाड आत दबलेलं असतं, स्क्रू एकदा बाहेर येऊन परत आत शिरतो आणि पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही. डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या नेमक्या तिथूनच जातात. म्हणून तिन्ही स्क्रू घालून झाले की सी-आर्म समोरून बाजूपर्यंत हळूहळू फिरवत सलग बघायचं. टोक सांध्याच्या सगळ्यात जवळ येतं आणि मग पुन्हा लांब जातं, तो क्षण डोळ्यांनी टिपल्याशिवाय टाके घालू नयेत.

इथे सी-आर्म चालवणाऱ्या तंत्रज्ञाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. चांगला तंत्रज्ञ असला की तोंडाने सांगावं लागत नाही. तो जमिनीवर चिकटपट्टीने दोन्ही जागांच्या खुणा करून ठेवतो, दर वेळी यंत्र तिथेच आणून उभं करतो, आणि किरण मारण्याआधी सगळ्यांना शिशाच्या एप्रनची आठवण करतो. किरणांचा मारा रुग्णाला एकदा होतो, आपल्या वॉर्डमधल्या मामांना आणि सिस्टरना तो वर्षानुवर्षं होत असतो. एप्रन आणि गळ्याची पट्टी चिरलेली असेल तर ती बदलून घेणं हे सर्जनचं काम आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

५. हाडाचं नशीब पडतानाच अर्धं ठरलेलं असतं

मांडीच्या हाडाच्या डोक्याला होणारा रक्तपुरवठा प्रामुख्याने मानेला चिकटून वर जाणाऱ्या वाहिन्यांतून होतो. मान मोडून तुकडे सरकले की या वाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात किंवा तुटतात. मग स्क्रू उत्तम बसले, भेग भरून आली, रुग्ण चालायला लागला, आणि वर्ष-दीड वर्षाने जांघेत दुखू लागलं असं होतं. एक्स-रेत डोकं वरून दबलेलं दिसतं. रक्ताविना डोक्याचं हाड निर्जीव झालेलं असतं. सांधा बदलण्याची वेळ येते.

हे मी ऑपरेशनच्या आधी सांगतो, कागदावर चित्र काढून सांगतो, आणि घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांसमोर सांगतो. मोटारसायकलवरून पडलेल्या तिशीतल्या मुलाच्या बापाला हे ऐकणं जड जातं. पण तरुण वयात स्वतःचं डोकं वाचवण्याचा प्रयत्न करायचाच असतो, कारण कृत्रिम सांध्याला आयुष्य असतं आणि त्या मुलाच्या पुढे चाळीस-पन्नास वर्षं पडलेली असतात. शेतात राबायचं, मांडी घालून बसायचं, ट्रॅक्टरवर चढायचं. म्हणून असा तरुण रुग्ण आला की दुसरी ठरलेली कामं बाजूला सारून त्याला आधी ओटीत घ्यावं. आणि एक्स-रेत हाड जुळलं तरी किमान दोन वर्षं तपासणीला बोलवावं. बरं वाटतंय म्हणून रुग्ण येत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

६. दोन टाक्यांचं ऑपरेशन सगळ्यांना मागू नये

"आमच्या चुलत्याचं दोन टाक्यांत झालं, आईचंही तसंच करा." असं म्हणणाऱ्यांचा मी आदर करतो, कारण त्यांना आईला कमी त्रास व्हावा एवढंच हवं असतं. पण पंच्याहत्तरीच्या बाईचं हाड पूर्ण सरकलेलं असेल, आतून ठिसूळ असेल, तर स्क्रू त्यात धरत नाहीत. तिला अर्धा किंवा पूर्ण सांधा बदलून लवकर चालतं करणं जास्त हिताचं. छेद मोठा असतो, रक्त जास्त जातं, खर्च जास्त येतो, तरीही.

२०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आठ देशांतल्या अकराशेच्या आसपास रुग्णांचा एक अभ्यास आला. पन्नाशीपुढच्या, मानेचं हाड मोडलेल्या रुग्णांमध्ये तीन स्क्रू आणि प्लेटला जोडलेला एक जाड सरकता स्क्रू यांची तुलना त्यात होती. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच निघालं, दर पाच रुग्णांमागे साधारण एक. हा आकडा मी घरच्यांपासून लपवत नाही. पाचातल्या चारांचं भागतं, एकाचं भागत नाही, आणि तो एक कोण हे आधी ओळखण्यासाठीच वय, हाडाची ताकद आणि तुकडे किती सरकलेत हे बघायचं असतं. सरकारी योजनेत बसतं का, हा प्रश्न रास्त आहे, तो जरूर विचारावा. फक्त कोणतं ऑपरेशन करायचं याचा निर्णय त्या उत्तरावर सोडू नये.

७. मनगटातलं काजूएवढं हाड

पोकळ स्क्रू खुब्यापुरताच नाही, मनगटातही लागतो. तळहातावर पडलेल्या तरुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला जो खळगा असतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं हे हाड मोडल्याचा संशय धरावा. पहिला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तरीही प्लॅस्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा. या हाडालाही रक्त उलट्या बाजूने, बोटांकडून कोपराकडे जातं, त्यामुळे कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. ऑस्ट्रेलियाच्या टिमथी हर्बर्ट यांनी यासाठी डोकं नसलेला, दोन्ही टोकांना वेगवेगळ्या अंतराचे आटे असलेला स्क्रू तयार केला आणि १९८४मध्ये त्याचे निकाल मांडले. तो हाडातच बुडून राहतो आणि फिरवताना तुकडे आपोआप दाबतो. आता तोही पोकळ मिळतो, काही मिलिमीटरच्या छेदातून जातो. न सरकलेलं हाड प्लॅस्टरमध्येही जुळतं, फक्त दोन-तीन महिने हात अडकतो. वेल्डिंग करणाऱ्याला किंवा ड्रायव्हरला तेवढं परवडत नाही, तिथे स्क्रूचा विचार करावा.

८. जखम भरते लवकर, हाड भरतं सावकाश

चौदाव्या दिवशी टाके निघतात. कातडीवर बारीक रेघ उरते, दुखणं गेलेलं असतं, आणि माणूस स्वतःला बरा समजू लागतो. एक आजी तपासणीला आल्या त्या वॉकर बगलेत धरून. विचारलं तर म्हणाल्या, "दुखतच न्हाई तर त्याचा आधार कशाला घ्यायचा, डाक्टर?" त्यांना मी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावून दाखवला, मधली काळी भेग बोटाने दाखवली. "ही रेघ अजून हाय बघा, आजी. ही पुसली की वॉकर तुमच्या नातवाला खेळायला द्या." त्यांना पटलं. डोळ्यांनी दाखवलेलं पटतं, नुसतं तोंडी सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत विरतं.

यात एक गोष्ट घरच्यांना कोड्यासारखी वाटते. म्हाताऱ्या माणसाला आम्ही एक-दोन दिवसांत वॉकरवर उभं करतो आणि सोसेल तेवढा पाय टेकवू देतो. तरुणाला मात्र सहा ते बारा आठवडे पाय जवळपास टेकवू देत नाही. कारण असं की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं तर छातीत कफ, पायात रक्ताची गुठळी, पाठीला जखमा यांनी जातं. शिवाय एका पायावर तोल सांभाळणं त्याला जमत नाही. तरुणाचा मार जोरदार असतो, हाड सरकलेलं असतं, आणि कुबड्यांवर तोल धरायची ताकद त्याच्यात असते. दोघांची कागदपत्रं शेजारी ठेवून 'त्यांना चालू दिलं, आम्हाला का नाही' असं भांडू नये.

खाली बसणं, मांडी घालणं, भारतीय पद्धतीचा संडास हे सगळं हाड जुळेपर्यंत बंद. खुर्चीखाली भांडं ठेवून चालेल, पण उकिडवं बसायचं नाही. घरात हे कुणी बोलत नाही आणि पेशंट लाजेखातर विचारत नाही, म्हणून मीच विचारतो.

मिशरीचंही मीच विचारतो. आमच्या भागातल्या कित्येक बायका दिवसातून तीन-चार वेळा मिशरी लावतात आणि तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासायची पूड असते. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि मानेच्या हाडाकडे आधीच रक्त कमी पोहोचत असतं. बिडी, सिगारेट, गुटखा, मिशरी, हाड जुळेपर्यंत तरी बंद करा. स्क्रू कितीही महागाचा असला तरी तो रक्ताची जागा घेत नाही. आणि ऑपरेशन झालेल्या मांडीला मालीश करून घेऊ नका, मग मालीश करणारा कितीही नावाजलेला असो.

९. स्क्रू काढायचे का

त्रास नसेल तर काढू नयेत. हाड जुळताना मान थोडी आखूड होते आणि स्क्रूचं डोकं मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचू लागतं, कुशीवर झोपता येत नाही. अशा वेळी, हाड पक्कं जुळल्याची खात्री करून काढावेत. ठिसूळ हाडातून काढल्यावर रिकाम्या भोकांजवळ मोडण्याचा धोका असतो, म्हणून काही आठवडे जपून चालावं लागतं.

१०. चालत आलेला रुग्ण

तीन स्क्रूंचा सगळ्यात चांगला निकाल ज्या रुग्णांत मिळतो ते बहुधा स्वतःच्या पायाने दवाखान्यात आलेले असतात. न्हाणीघरात पाय घसरला, जांघेत दुखलं, पण उठता आलं, लंगडत का होईना चालता आलं. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसलेले असतात, सरकलेले नसतात, वाहिन्या बऱ्याचशा शाबूत असतात. अशा वेळी अर्ध्या-पाऊण तासाचं काम, दोन-तीन टाके, आणि हाड बहुतेक वेळा नीट जुळतं.

पण चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही, असं घरात ठरतं. 'मुका मार असेल' म्हणून तेल चोळलं जातं, दोन दिवस बघू म्हणून आठवडा जातो. आठव्या दिवशी संडासला जाताना पाय वळतो, रुतलेलं हाड सुटतं, सरकतं, आणि त्याच माणसाला उचलून आणावं लागतं. तेव्हा लहान छेदाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. घरातलं वयस्क माणूस पडलं आणि जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं म्हणालं, तर चालता येत असलं तरी त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा. खुब्याचं दुखणं कधी कधी नुसतं गुडघ्यातच जाणवतं, हे ध्यानात ठेवा. एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणं कायम राहिलं तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तोवर त्या माणसाला चालवू नका.